दुसऱ्या बाजूचं काय?

आमखास मैदानावर जांघेत चेंडू लागलेला मुलगा घरी ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो. सकाळी तो आमच्यापुढे येतो, तेव्हा वडिलांचा प्रश्न असतो : दुसरी बाजू शाबूत आहे ना?

बहुधा असते, एका निरोगी वृषणावरही मूल होतं. पण शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात, म्हणून शरीर त्यांना परकं समजतं. मधला पडदा माराने फाटला, तर रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि क्वचित दुसऱ्या बाजूच्या शुक्रजंतूंनाही बाधतात.

पीळ मात्र झोपेतही पडतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया हवी. तेव्हा आम्ही चांगल्या बाजूलाही टाके घालतो. जन्मजात सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो. वडील दचकतात, ‘तिकडे कशाला?’ म्हणतात.