अडवलेलं देयक कुणाच्या घरी थांबतं



कंत्राटदार, अभियंते आणि मिस्त्री यांची ही परिषद कौंडण्यपूरला होत आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव सगळा महाराष्ट्र ओळखतो आणि इथून पंढरपूरला जाणारी पालखी हा आपल्या वऱ्हाडाचा मान आहे. आपल्या व्यवसायालाही हे गाव जवळचं आहे. मोरेश्वर दीक्षित यांनी वर्धेकाठी इथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सातवाहन काळातली व त्याही आधीची वस्ती उजेडात आली. इथे माणसं फार जुन्या काळापासून घरं बांधत आली आहेत. त्या प्राचीन जगातल्या कौटिल्यानं काम करून घेऊन वेतन न देणाऱ्याला दंड सांगून ठेवला आहे: रकमेचा दहावा भाग, नाहीतर सहा पण. हा प्रश्न तेव्हाही होता, आणि तो राज्यानं सोडवायचा असतो हेही तेव्हा मान्य होतं.

मला आज फक्त याच प्रश्नावर बोलायचं आहे.

२०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी शासनाकडच्या थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी रुपये सांगितला आणि कामं बंद ठेवली. आकड्यावर वाद होऊ शकतो. पण त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात जे घडलं त्यावर वाद घालण्याचं धाडस मला होत नाही. जलजीवन मिशनचं काम करणाऱ्या एका तरुण कंत्राटदारानं जीव दिला. संघटनांनी सांगितलं, त्याचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये अडकले होते. शासनाकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर काम नव्हतं, तो उपकंत्राटदार होता, म्हणून त्याचं देयक बाकी असण्याचा प्रश्नच नाही.

ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. कागदाच्या हिशेबानं ते बरोबर असेल. पण त्याचा अर्थ असा की राज्याच्या नळयोजनेसाठी खड्डे खोदणारा, पाइप टाकणारा, मजुरांना दर आठवड्याला पैसे देणारा माणूस राज्याच्या कोणत्याही वहीत नव्हता. त्याला पैसे कधी मिळणार हे एकाच वाक्यावर अवलंबून होतं, आणि ते वाक्य या मंडपातल्या बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलं आहे: 'वरून आले की देतो.'

पैसा कसा अडकतो ते आपल्याला माहीत आहे, तरी बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. कार्यारंभ आदेश हातात येण्याआधी बयाणा गुंततो, नंतर सुरक्षा अनामत. सिमेंट आणि लोखंड जवळजवळ रोखीनं घ्यावं लागतं. गिट्टी, रेती, मुरूम उधारीवर मिळतो, पण क्रशरवाल्याचीही सहनशक्ती दोन महिन्यांची. मजुराला मात्र बाजाराच्या दिवशी पैसे हवेतच. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते. शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, लेखा शाखा असा प्रवास करून चालू देयक तयार होतं. आणि मग ते थांबतं, कारण निधी नाही. कामाला मान्यता देताना उत्साह होता, अर्थसंकल्पात तरतूद मात्र नावापुरती होती. जलजीवन मिशनची मूळ मुदत २०२४ पर्यंत होती. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढली. योजनेची मुदत वाढते, तशी बँकेच्या कर्जाची वाढत नाही.

वऱ्हाडाला हे दुःख नवीन नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत माल देऊन चुकाऱ्यासाठी थांबलेली घरं या मंडपात अनेक असतील. त्याच घरांतली मुलं पुढे डिप्लोमा करून सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदली गेली आणि बापाच्या सातबाऱ्यावर कर्ज काढून कामं घेऊ लागली. बापाचा कापूस आणि मुलाचा रस्ता, दोन्ही आधी घेतले गेले, पैसे नंतर.

आपल्याबद्दल लोकांना सहानुभूती का वाटत नाही, हेही बोललं पाहिजे. विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांच्या किमती कशा फुगल्या, कंत्राटदारांना अग्रिम रकमा कशा दिल्या गेल्या, याची चौकशी राज्यानं पाहिली आहे. माधवराव चितळे समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. सुकलेल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला कंत्राटदार या नावाचा राग असेल, तर तो राग मला समजतो. म्हणून मी स्पष्ट सांगतो: खराब कामाचे पैसे रोखलेच पाहिजेत. स्लॅब गळत असेल, डांबराची जाडी कमी असेल, चाचणीचा अहवाल नसेल, तर देयकावर सही न करणारा अभियंता आपला शत्रू नाही. दोषदायित्व काळासाठी अनामत राखणंही योग्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. दोन लाखांच्या दोषासाठी वीस लाख अडवले जातात, कारण तोंडी सांगितलं जातं, तारीख कुणीच देत नाही. आणि पुष्कळदा दोष काढला जातो तो फक्त निधी नाही म्हणून.

ब्रिटनमध्ये सर मायकेल लॅथम यांनी १९९४ मध्ये बांधकाम व्यवसायावर अहवाल दिला आणि त्यातून १९९६ चा कायदा आला. त्या कायद्यानं 'मला मिळाले तर तुला देईन' ही अट निरर्थक ठरवली. वरचा देणेकरी दिवाळखोर झाला तेवढाच अपवाद. कमी पैसे द्यायचे असतील तर किती आणि कोणत्या आधारावर, हे मुदतीत लेखी कळवावं लागतं. वाद झाला तर निवाडा साधारणतः २८ दिवसांत. तरीही २०१८ च्या जानेवारीत कॅरिलियन ही प्रचंड कंपनी कोसळली आणि तिच्याखालचे हजारो छोटे कंत्राटदार पोळले. त्यांना १२० दिवसांपर्यंत थांबवण्याच्या तिच्या पद्धतीवर नंतर संसदेत कडक टीका झाली. कायदा पुरेसा नसतो, पण त्याच्याशिवाय लहान माणसाच्या हातात काहीच नसतं.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये सूचना काढल्या: देयक आल्यावर पात्र रकमेच्या किमान ७५ टक्के १० कामाच्या दिवसांत द्या, उरलेली रक्कम तपासणी करून २८ कामाच्या दिवसांत. सूचना उत्तम आहे. ती राज्यानं आपल्या प्रत्येक निविदेत अट म्हणून घालावी, ही या परिषदेची पहिली मागणी असावी. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा ४५ दिवसांची मर्यादा आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगतो. पण बांधकामाचं कंत्राट त्या कायद्यात बसत नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं दिले आहेत. पुरवठादाराला मिळणारं संरक्षण बांधणाऱ्याला नाकारलं जातं. हे संसदेनं दुरुस्त करावं, ही दुसरी.

खाजगी घरमालकांकडे काम करणाऱ्यांची व्यथा वेगळीच. 'अजून एक खोली काढा, पाहू नंतर' असं ओट्यावर चहा पिताना ठरतं, आणि शेवटच्या हप्त्याला ती खोली हिशेबात नसते. त्यांना एक खटला सांगतो. १९४४ मध्ये बंगालात एका कंत्राटदारानं शासनाच्या पुरवठा खात्यासाठी गोदामं, कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर असं बांधलं. रीतसर करार नव्हता, म्हणून शासनानं पैसे नाकारले. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये निकाल दिला: करार कायद्याच्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा ज्यानं लाभ घेतला, त्यानं मोबदला दिला पाहिजे. पण तोवर सतरा वर्षं गेली होती. म्हणून खोली वाढली त्याच संध्याकाळी दर लिहून मालकाची सही घ्या. आणि झालेल्या कामाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, हे 'देतो, देतो' ऐकताना विसरू नका.

आता जे बोलणार आहे त्यासाठीच मी हे अध्यक्षपद स्वीकारलं. शासनाकडे आपण जे मागतो, ते आपण आपल्या पेटी कंत्राटदाराला, म्हणजे उपकंत्राटदाराला, देतो का? सेंट्रिंगवाला, फरशीवाला, मेळघाटातून टोळी घेऊन आलेला मुकादम, यांच्याशी आपला करार कुठे लिहिलेला आहे? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं मजुरी देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली, आणि त्याचं देयक निघालं की नाही, हे त्या कायद्यानं विचारलंच नाही. मजुराच्या पोटाला आपल्या देयकाची सबब लागू होत नाही. उपकंत्राटदाराला आपण ती लावतो, आणि तो नाइलाजानं मजुराला लावतो. सांगलीच्या त्या मुलाबद्दल आपण मोर्चे काढले ते योग्यच होतं, पण त्याच्यासारखे किती जण आपल्याच कामांवर बिननावाचे आहेत, याचा हिशेब आपणच दिला पाहिजे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक मसुदा मांडतो आहे. उपकंत्राटदाराशी लेखी करार. त्याचं नाव आणि कामाचा भाग खात्याला कळवणं. त्याचं मोजमाप त्याच्या समक्ष. वाद नसलेली रक्कम ३० दिवसांत, आपल्याला वरून मिळो वा न मिळो. आणि रोखायचं असेल तर रक्कम, कारण, दुरुस्तीची तारीख लिहून. चौथ्या कलमाला विरोध होईल, आणि तो कशामुळे होईल हे मला माहीत आहे: आपल्यापैकी अनेकांकडे तेवढं भांडवलच नाही. मग तेवढंच काम घ्यावं जेवढ्याचे तीस दिवस आपण पेलू शकू, असं माझं मत आहे. ज्यांचं वेगळं असेल त्यांनी दुरुस्ती लेखी द्यावी. जेवणानंतर आपण कलमवार मतदान घेऊ.