डोळ्यांतील थेंब : आराम आणि धोका



हुबळी-धारवाडच्या काळ्या मातीत ज्वारी, कापूस, हरभरा ही पिके होतात. सुगीच्या दिवसांत ज्वारीच्या पात्याचे टोक डोळ्याला लागणे किंवा भुसाचा कण डोळ्यात जाणे ही नित्याची गोष्ट. उन्हाळा लागला की काही मुलांचे डोळे खाजून लाल होतात. पावसाळ्यात डोळे येतात. २०२३ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत अशी मोठी साथ येऊन गेली. अशा वेळी पुष्कळ घरांत फडताळातील उरलेली बाटली शोधली जाते, अथवा दुकानातून लाली घालविणारे थेंब आणले जातात. थेंब पडताच ठणका कमी होतो, डोळा स्वच्छ दिसू लागतो आणि रोग बरा झाला असा समज होतो. धोका नेमका येथेच आहे.

दाह शमविणाऱ्या थेंबांत स्टेरॉइड हा प्रमुख वर्ग होय. या द्रव्यांच्या मुळाशी असलेल्या संप्रेरकांच्या संशोधनाबद्दल हेंच, केंडल आणि राइकस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या आतील दाहावर ही औषधे मोलाची आहेत. परंतु ती दाह शमवितात, जंतू मारीत नाहीत. भुसाबरोबर डोळ्यात बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइडमुळे शरीराचा प्रतिकार मंदावतो. वरून लाली ओसरते आणि आत बुबुळावरील जखम खोल जाते. नागीण रोगाच्या जातीच्या विषाणूंनी झालेल्या जखमेचेही तसेच होते.

दुसरा धोका याहून छुपा आहे. डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो व बारीक जाळीतून वाहून जातो. स्टेरॉइडमुळे काही जणांत ही वाट अडते आणि डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. काही आठवडे थेंब घातल्यास सुमारे एकतृतीयांश लोकांत तो थोडाबहुत वाढतो. शंभरांत पाचेक जणांत फारच वाढतो. मुलांत ही वाढ अधिक लवकर होऊ शकते. बहुधा वेदना होत नाहीत. दृष्टीची मज्जा मात्र हळूहळू सुकते. हाच काचबिंदू. दीर्घकाळच्या वापराने मोतीबिंदूही होतो. तो शस्त्रक्रियेने काढता येतो, परंतु काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणूनच दर उन्हाळ्यात मुलाची खाज थांबावी म्हणून मायेने घातलेले थेंब त्याच्याच दृष्टीवर उठू शकतात.

डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक यांसारखे थेंब स्टेरॉइड नव्हेत. त्यांनी डोळा झोंबतो. क्वचित बुबुळावरील पारदर्शक पडदा झिजतो. १९९९ साली अमेरिकेत अशा तक्रारींनंतर डायक्लोफेनॅकचे एक थेंबऔषध बाजारातून मागे घेण्यात आले होते. तेव्हा स्टेरॉइड नाही म्हणून धोका नाही, असे मानणे बरोबर नव्हे.

बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन ही नावे स्टेरॉइडची होत. पुष्कळदा ती जंतुनाशकाबरोबर एकाच बाटलीत असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकण्यास कायद्याने मनाई आहे. या नियमाचे पालन होते की नाही, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. मात्र डॉक्टरांनी दिलेले थेंब भीतीपोटी एकाएकी बंद करू नयेत. ते त्यांच्या सल्ल्यानेच कमी करावेत.

डोळ्याचा दाब मोजण्यास काही मिनिटे पुरतात. हुबळीत १९५७ साली सुरू झालेल्या व पुढे 'किम्स' म्हणून ओळखल्या गेलेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे नेत्रतज्ज्ञांची सोय या भागाला जवळ झाली आहे. थेंब काही आठवडे चालू ठेवावयाचे असतील, तर दाब अवश्य तपासून घ्यावा. एखादा विद्यार्थी सदैव डोळे चोळत असेल किंवा त्याला फळ्यावरील अक्षर दिसेनासे झाले असेल, तर शिक्षकांनी पालकांना बोलावून घरी कोणते थेंब चालू आहेत याची विचारपूस करावी. शेतात डोळ्याला इजा झाल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लाली गेली म्हणजे रोग गेला असे नव्हे, एवढे घराघरांत समजले तरी कित्येकांची दृष्टी वाचेल.