काँक्रीटमधला कंगवा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे, फळ्यावर सूत्र लिहायचं नाही. बरंच झालं. मागच्या बाकांवरच्यांना तेव्हाही दिसत नव्हतं, आता तर सगळ्यांनाच चष्मे आहेत.

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी ‘पॉलिमर’ म्हणते. समोरचा ‘म्हणजे प्लास्टिक’ म्हणतो आणि विषय बदलतो. पण माझं पॉलिमर बादल्यांचं नाही. रस्त्यानं मोठा ड्रम फिरवत रेडीमिक्सची गाडी जाते ना, तिच्यातल्या काँक्रीटमध्ये पडणारं द्रव आम्ही बनवतो. साइटवर त्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात.

ते लागतं कशाला? सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या साधारण पाव भाग पाणी लागतं. तेवढ्यातच कालवलं तर काँक्रीट थापीला हलत नाही, पंपातून जाणं दूरच. सिमेंटचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि पाणी त्यांत अडकतं. मग माणूस आणखी पाणी ओततो. हे जादाचं पाणी पुढे उडून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात. त्यातून ओल शिरते, समुद्राकाठी खारी हवा शिरते आणि आतल्या सळया गंजतात. आपल्यापैकी निम्म्यांनी घराच्या छताचे पोपडे पाहिले असतील.

आमचा रेणू कंगव्यासारखा असतो. मधे कणा आणि त्याला लांब दाते. तो बनवायचे दोन मार्ग. एक, आधी कणा करायचा आणि मग दाते चिकटवायचे. दुसरा मला जास्त आवडतो. आधी दातेच बनवून घ्यायचे. इथिलीन ऑक्साइडचे चाळीस-पन्नास मणी ओवून एक सर करायचा (मोत्यांचा सर म्हणतेय, सर!) आणि त्याच्या एकाच टोकाला आकडा ठेवायचा. आकडा म्हणजे बाईंनी शिकवलेला कार्बनचा दुहेरी बंध. अशा सराला मॅक्रोमोनोमर म्हणतात, म्हणजे स्वतःच पॉलिमर असलेला मोनोमर. मग पाण्यात हे सर, मेथॅक्रिलिक आम्ल आणि क्रिया सुरू करणारं द्रव्य घालून काही तास गरम ठेवायचं. साखळी वाढताना कधी आम्लाचा छोटा रेणू पकडते, कधी एक अख्खा सर. दात्याची लांबी आधीच ठरलेली असते. दाते दाट की विरळ हे आपण घातलेल्या प्रमाणावर बेतलेलं. जपानच्या निप्पॉन शोकुबाई कंपनीनं १९८०च्या दशकात असे कंगवे काँक्रीटसाठी आणले.

यात सगळा जीव ‘एकाच टोकाला’ या शब्दांत आहे. सर ओवायला मिथेनॉलपासून सुरुवात करतात, म्हणजे एक टोक कायमचं बंद राहतं. तिथे पाण्याचा अंश शिरला तर काही सर दोन्ही टोकांनी वाढतात. पुढे दोन्हीकडे आकडे बसले की असा एक सर दोन कंगवे बांधतो, ते आणखी दोघांना, आणि टाकीत द्रवाऐवजी खरवसासारखा गोळा थरथरत बसतो. तो विरघळत नाही, वितळत नाही. म्हणून आमच्याकडे उत्पादनापेक्षा कच्च्या मालाच्या तपासणीलाच जास्त वेळ जातो. मालकांना ते पटवणं हे वेगळं काम!

काँक्रीटमध्ये कण्यावरचे ऋणभार सिमेंटच्या कणांवरच्या कॅल्शियमला धरतात आणि दाते बाहेर पाण्यात पसरतात. दोन कण जवळ आले की दाते आड येतात. अडकलेलं पाणी मोकळं होतं, आणि चांगल्या मिश्रणात तीसेक टक्के पाणी कमी करूनही काँक्रीट वाहतं.

आता गाडी वाहतुकीत अडकली तर? कण्यावर भार कमी ठेवले तर कंगवे सिमेंटला सावकाश चिकटतात. काही पाण्यात शिल्लक राहतात आणि तासाभरानं कामी येतात. तसं केलं नाही तर गाडी साइटवर पोहोचेपर्यंत माल घट्ट होतो आणि कुणीतरी ड्रममध्ये पाण्याची नळी सोडतं. मी त्या मजुराला दोष देत नाही. घट्ट माल त्यालाच ओढायचा असतो, आणि आमची प्रयोगशाळेतली सगळी मेहनत त्या नळीखाली दोन मिनिटांत वाहून जाते.

दुसरा शत्रू माती. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून आपल्याकडे काळ्या दगडाची क्रश सँड वापरतात. तिच्यात चिकणमाती असली तर तिच्या पापुद्र्यांमध्ये आमचे दाते शिरून बसतात आणि सिमेंटसाठी कंगवा उरतच नाही. मग फोन येतो, ‘तुमचं केमिकल खराब निघालं.’

वर्गातले चौघे-पाचजण सध्या घर बांधताहेत असं कळलं. त्यांनी एवढं करा. काचेच्या सरळ बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू भरा, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळूच्या वर गाळाचा थर बसेल. तो जाड दिसला तर वाळू धुवून मागा. शंका वाटली तर बाटलीचा फोटो मला पाठवा, पण वेगळा पाठवा. ग्रुपवर टाकलात तर सुप्रभातच्या फुलांखाली गडप होईल.