घोकलेले बुडू नये

गिरणी बदलली तरी कामगाराची मागली चाकरी बुडू नये, यासाठी आम्ही झगडत आलो. विद्यार्थ्याच्या कष्टांनाही हाच न्याय हवा.

२००६ साली डेमियन एल्म्स यांनी संगणकावर प्रश्नोत्तरांची कार्डे घोकण्यासाठी ‘अंकी’ हा प्रोग्रॅम काढला. चुकलेले कार्ड लवकर समोर येते, जमलेले उशिरा. २००८ साली अँड्रॉइडचा फोन निघाला. मूळ प्रोग्रॅम पायथॉन भाषेतला; स्वयंसेवकांनी तो फोनसाठी जावा भाषेत नव्याने बांधला. नुसती कार्डे नेऊन भागणार नव्हते. कोणते कार्ड कधी यायचे, हा हिशेबही न्यावा लागला. तीच शिकणाऱ्याची कमाई.

प्रोग्रॅमचे मूळ लिखाण सर्वांना खुले होते, म्हणून हे साधले. ते कुलूपबंद असते, तर मालकाची मनधरणी करावी लागली असती. श्रमाची नोंद श्रमणाऱ्याबरोबर गेली पाहिजे.