मागावरचा आवाज आणि आपले कान
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह या विषयांवर बोलावयाचे असते. मी मात्र आज कानात घालावयाच्या बोळ्यांविषयी बोलणार आहे. आपण हसाल, खुशाल हसा. परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथल्या यंत्रमागांवर ज्यांच्या घरातल्या दोन-दोन पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांना ठाऊक आहे की अब्बांशी बोलताना आवाज चढवावा लागतो. दादांना तर तीनदा सांगावे लागते. आपण ते म्हातारपण समजतो. पण दादांचे कान चाळिशीतच गेलेले असतात, आणि त्याला वय जबाबदार नसते.

साधा यंत्रमाग कसा चालतो ते आपण पाहिलेले आहे. लाकडी धोट्याला एका बाजूने दांड्याचा फटका बसतो, तो पलीकडच्या पेटीत आदळतो आणि लगेच परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक फटके. असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये असले, की आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात सहज जातो. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून 85 डेसिबलमध्ये आठ तास काम करणे चालण्यासारखे मानले, तर 88 मध्ये चार तास, 91 मध्ये दोन तास आणि 100 मध्ये अवघी पंधरा मिनिटे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची ही मर्यादा आहे. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबल धरले गेले. कोणतीही मर्यादा घ्या, बारा तासांची पाळी करणारा आपला विणकर तिच्या फार पलीकडे आहे.

मोजण्याचे यंत्र नसेल तर एक सोपी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथे कानाला संरक्षण हवे. आणि पाळीवरून आल्यावर कानात शिटी वाजते, टी.व्ही. मोठा करावा लागतो, सकाळी पुन्हा ठीक वाटते, तर तो कानाचा इशारा आहे. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या थकल्या तर विश्रांतीने सावरतात, मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही. श्रवणयंत्राने मदत होते, गेलेला कान परत मिळत नाही.

ही हानी आधी उंच स्वरांत होते, म्हणून ती वर्षानुवर्षे कळत नाही. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द समजत नाही. स, श, फ, थ ही व्यंजने आधी निसटतात. आपल्या घरात मूल नाझरा वाचत असते, तेव्हा ‘से’ आणि ‘सीन’ यांचे उच्चार वेगळे काढते की नाही, हे ज्या बापाने लहानपणी स्वतः शिकून घेतले, त्यालाच तो फरक ऐकू येईनासा होतो. तो मूल चुकते असे म्हणतो किंवा गप्प बसतो. पुढे पुढे तो चार लोकांत बसणेही टाळू लागतो.

आता निवडीकडे वळू. सर्वांत आधी कापूस. आपल्या शेडमध्ये कापसाला तोटा नाही, म्हणून तोच कानात कोंबला जातो. त्याने आवाज नावापुरता कमी होतो आणि समाधान मात्र पुरेपूर मिळते. म्हणून मी त्याला काहीच न घालण्यापेक्षा वाईट म्हणतो.

खरी साधने तीन प्रकारची. पहिला, दाबून घालावयाचा फोमचा बोळा, म्हणजे इअर प्लग. नीट घातला तर उत्तम काम करतो, पण तो बोटांनी वळावा लागतो. ज्याचे हात तेलाने, ग्रिसने माखलेले आहेत त्याने तो वळला की सारा मळ कानात. दुसरा, रबर किंवा सिलिकॉनचा तयार आकाराचा, दोरी असलेला प्लग. तो साबणाने धुता येतो, गळ्यात लटकतो, नमाजला जाताना काढून परत घालता येतो. मागावर काम करणाऱ्याला मी बहुधा हाच सुचवीन, मात्र मापे दोन-तीन असतात, ती घालून पाहावीत. दोन्ही कानांचे माप एकच असेल असेही नाही. तिसरा, कानावर बसणारा इअर मफ. तो घालणे सोपे, पण आपल्या शेडमधल्या उकाड्यात बारा तास तो डोक्यावर ठेवणारा मी पाहिलेला नाही. शिवाय चष्म्याची काडी, दाढीचे कल्ले, टोपीची कड किंवा ओढणीचा पदर गादीखाली आला की फट पडते, आणि तेवढ्या फटीतून आवाज आत येतो. ज्याचा कान वाहतो त्याने मात्र प्लग घालू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे, तोपर्यंत मफ.

पाकिटावर एन.आर.आर. म्हणून आकडा असतो, समजा 29. दुकानदार सांगेल की 29 डेसिबल कमी होतील. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. व्यवहारात त्यातून 7 वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे धरावेत, म्हणजे 11. 100 चे 89 झाले. हे थोडे वाटेल, पण पद्धतशीर घालणाऱ्याला याहून पुष्कळ अधिक मिळते. सगळा फरक घालण्यात आहे. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी सुरकुती न पडता बारीक वळावा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. मग आवाजात उभे राहून दोन्ही तळवे कानांवर घट्ट झाकून पाहावे. तळव्यांनी आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही.

मुकादम म्हणेल, प्लग घातला की धागा तुटल्याचा आवाज कसा कळणार? ही शंका रास्त आहे. पण प्लग गोंगाट आणि बोलणे दोन्ही कमी करतो, त्यामुळे धडधाकट कानाच्या माणसाला गोंगाटात उलट बरे समजते. मागाचा बदललेला सूर ओळखावयाला दोन-तीन आठवडे लागतात. ज्याचे ऐकणे आधीच कमी झाले आहे त्याला अडचण येते, हेही मान्य केले पाहिजे. त्याला फार जड प्लग देऊ नये. कानापर्यंत 75 ते 80 डेसिबल पोचले तर पुरे. त्याहून फार खाली नेले तर माणूस तोडल्यासारखा होतो आणि प्लग काढून टाकतो.

आणि काढला की काय होते ते ऐका. आठ तासांत अर्धा तास जरी प्लग बाहेर राहिला, तरी 30 डेसिबलचा उत्तम प्लग सरासरीने 12 डेसिबलचाच उरतो. चहा प्यावयाचा तर शेडच्या बाहेर येऊन प्या, बोलावयाचे तर बाहेर येऊन बोला. आत असताना काढू नका.

हा खर्च कामगाराने का करावा, असे कोणी विचारील. करू नये. साधने पुरविणे हे मालकाचे काम आहे. 1987 च्या दुरुस्तीने आवाजामुळे येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत आले आणि कामगार भरपाईच्या कायद्यातही त्याचा उल्लेख झाला. परंतु आपले बरेचसे कारखाने चार-आठ मागांचे, खाली माग आणि वर बिऱ्हाड असे. तेथे मालक म्हणजे आपलाच चाचा किंवा मामू. या सभागृहात असे मालक बसलेले आहेत, मी त्यांच्याकडे पाहूनच बोलतो आहे. ज्या घरात माग चालतो तेथे कांडी भरणाऱ्या आपल्या बहिणी आणि शेजारी पुस्तक घेऊन बसलेली मुले यांचे कानही त्याच आवाजात असतात. त्यांच्यासाठी दार आणि भिंत मागापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी आय.टी.आय.मध्ये फिटर होईल, कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी आखाती देशांतल्या जहाज-दुरुस्तीच्या गोदीत जाईल. कामावर रुजू होण्यापूर्वी एकदा कानाची ऑडिओमेट्री करून घ्या. सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. तो आलेख शाळेच्या दाखल्याबरोबर जपून ठेवा. पुढे वाद झाला तर कान आधी चांगला होता हे तोच कागद सांगेल. मग दरवर्षी एकदा. पालकांनीही तपासणीला येताना कान थकलेले नसतील हे पाहावे. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा शनिवारी सकाळी, पाळीवर जाण्यापूर्वी या.