सॉल्ट लेकमध्ये दिवाकर

सॉल्ट लेकमधल्या आम्हा मोजक्या मराठी घरांना छोट्या नाटकांची एक संध्याकाळ करायची होती. काही जुनी, काही आमच्याच मंडळींनी लिहिलेली. जुन्यांत मी दिवाकरांसाठी हट्ट धरला. त्यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. बोलणारा एकच, समोरच्याचं बोलणं त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं. नेपथ्य नको, पाठांतर थोडं. इथेच वाढलेल्या, देवनागरी अडखळत वाचणाऱ्या आमच्या मुलांना एवढं झेपतं.

प्रश्न होता तो निम्म्या बंगाली प्रेक्षकांचा. आधी बंगालीत गोष्ट सांगावी, असं काहींचं मत. मी म्हटलं, नको. विनोद आधीच सांगितला की संपला. 'पंत मेले – राव चढले'मध्ये एका घरी रडारड, दुसऱ्या घरी बढतीचा आनंद. हे आवाजावरूनही कळतं. आणि हे शेजारी काही नाटकाला नवखे नाहीत. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 'बहुरूपी'नं बंगालीत केलंय, बादल सरकारांना आपण मराठीत आणलं.

खरी अडचण निघाली ती आमच्याच घरात. तालमीत एका मुलानं विचारलं, "मावशी, पंत हे आडनाव आहे का?" ती संध्याकाळ मग पंत, राव आणि आमच्या आजोबांच्या कचेऱ्या यांतच गेली. तालीम राहिली.