लाल दिव्याची साक्ष

उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अॅम्बॅसिडर मोटारीचे उत्पादन 2014 साली थांबले. परंतु डायनॅमोच्या काळातील तिच्या काही गाड्या अद्याप मायेने जपलेल्या आढळतात. अशा गाडीचा मालक एके सकाळी किल्ली फिरवतो. सेल्फ क्षीणपणे कण्हतो आणि स्तब्ध होतो. ‘बॅटरी गेली’ असा निकाल तत्काळ लागतो. नवी बॅटरी येते, गाडी चालू लागते, आणि थोड्याच दिवसांत तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. चौकशीपूर्वी शिक्षा दिली की निरपराधी भरडला जातो व अपराधी मोकळा राहतो, हा न्याय मोटारीलाही लागू आहे.

बॅटरी ही विजेची कोठी होय. कोठी रिकामी दिसली, तर धान्य येणेच थांबले की काय, हे सुज्ञ गृहस्थ आधी पाहतो. वीज आणून देण्याचे काम डायनॅमोचे; ती बेतात ठेवण्याचे काम रेग्युलेटरचे. इंजिन मंदावले असता बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत जाऊ नये, म्हणून कट-आऊट हा द्वारपाल नेमलेला असतो.

या व्यवहाराचा साक्षीदार म्हणजे समोरचा लाल दिवा. त्याच्या एका अंगास बॅटरीचा दाब असतो, दुसऱ्या अंगास डायनॅमोचा. दोन्ही जवळजवळ समान झाले की तो विझतो. इंजिन मंद असता तो लुकलुकला तर चिंता नको. वेग वाढल्यावरही तेवत राहिला, तर मात्र त्याची साक्ष गंभीरपणे घ्यावी.

तपासाचा आरंभ बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावा. इंजिन बंद असता पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबावा; तो सुमारे अर्धा इंच दबावा, अधिक नको. बॅटरीच्या टर्मिनलांवरील पांढरी-हिरवी बुरशी काढावी. इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी घट्ट आहे ना, हे पाहावे. मग व्होल्टमीटर लावावा. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगात असता काटा 14च्या आसपास चढला पाहिजे. तो 15च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलेला असून बॅटरीतील पाणी आटू लागेल.

काटा चढलाच नाही, तर डायनॅमोची स्वतंत्र जबानी घ्यावी. इंजिन बंद करून ‘डी’ आणि ‘एफ’ या टर्मिनलांवरील तारा सोडवाव्या, ती दोन्ही टर्मिनले एकमेकांस जोडावी, आणि ती जोडणी व बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. काटा झपाट्याने चढला, तर डायनॅमो निर्दोष. दोष तारांत किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. 20 व्होल्टपर्यंत मात्र जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही, तर कार्बन ब्रश झिजले वा अडकले आहेत काय, ते पाहावे. एखाद्या व्होल्टवर थबकला, तर फील्ड वाइंडिंगचा संशय घ्यावा. पाचाच्या आसपास थांबला, तर आर्मेचरचा. अल्टर्नेटर बसवलेल्या गाडीवर हा प्रयोग कदापि करू नये.

एवढ्या चौकशीअंती पुष्कळदा सैल पट्टा किंवा झिजलेला ब्रश यांवरच दोष सिद्ध होतो. ही चौकशी टाळणाऱ्याला तिचे महत्त्व रात्री घाटात कळते, जेव्हा पुढचे दिवे पिवळे पडत जातात आणि वळण अजून संपलेले नसते.